तांब्याच्या क्लोरीनीकरण उत्प्रेरकात भर कशाची, किती आणि का : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगली-साताऱ्याच्या महाविद्यालयांत रसायनशास्त्र किंवा केमिकल इंजिनिअरिंगचा प्रकल्प करणाऱ्यांसाठी आणि इथून घाट उतरून लोटे, महाडच्या कारखान्यांत कामाला जाणाऱ्यांसाठी ही प्रश्नोत्तरं आहेत. हा उत्प्रेरक म्हणजे सच्छिद्र ॲल्युमिनात (ॲल्युमिनियम ऑक्साईडच्या कणांत) जिरवलेलं तांब्याचं क्लोराईड, आणि भर म्हणजे त्याचं वागणं बदलण्यासाठी त्यात थोड्या प्रमाणात घातलेला दुसऱ्या धातूचा क्षार. उदाहरण म्हणून सगळीकडे इथिलीनचं ऑक्सिक्लोरीनेशन घेतलं आहे, कारण या उत्प्रेरकाचा सर्वांत मोठा वापर तिथेच होतो.

ही अभिक्रिया नेमकी कोणती?

इथिलीन, हायड्रोजन क्लोराईड वायू आणि ऑक्सिजन यांपासून डायक्लोरोइथेन (कारखान्यात ज्याला ईडीसी म्हणतात) आणि पाणी तयार होतं. एक मोल इथिलीनला दोन मोल हायड्रोजन क्लोराईड आणि अर्धा मोल ऑक्सिजन लागतो. तापमान साधारण २२० ते २५० अंश सेल्सिअस, दाब काही बार. प्रति मोल सुमारे २३९ किलोज्यूल उष्णता बाहेर पडते. हा आकडा लक्षात असू द्या, पुढच्या निम्म्या अडचणी त्याच्यातूनच येतात. ईडीसीपासून व्हिनाइल क्लोराईड आणि त्यापासून पीव्हीसी बनतं. शेतातल्या पाइपलाइनचा पाइप हा याच साखळीचा शेवट.

तांब्याच्या क्लोराईडवर हायड्रोजन क्लोराईडपासून क्लोरीन मिळवायची कल्पना हेन्री डीकन यांची, १८६८च्या सुमाराची. तिथे मात्र तापमान ४०० अंशांच्या पुढे जातं.

यात तांबं काय काम करतं?

तीन टप्पे आहेत. पहिल्यात क्युप्रिक क्लोराईड (तांबं +२ अवस्थेत) आपले क्लोरीन इथिलीनला देतं आणि स्वतः क्युप्रस क्लोराईड (तांबं +१) होतं. दुसऱ्यात ऑक्सिजन त्या क्युप्रसला परत वर नेतो आणि तांब्याचं ऑक्सिक्लोराईड बनतं. तिसऱ्यात हायड्रोजन क्लोराईड त्याच्याशी संयोग पावून पुन्हा क्युप्रिक क्लोराईड आणि पाणी देतो.

साध्या, भर न घातलेल्या उत्प्रेरकात दुसरा टप्पा सर्वांत मंद असतो. म्हणजे चालू अवस्थेत बरंचसं तांबं क्युप्रस रूपात ऑक्सिजनची वाट बघत असतं. इटलीतल्या तुरीन विद्यापीठातल्या संशोधकांनी २००२च्या आसपास चालू उत्प्रेरकावर क्ष-किरण शोषण मोजून हे थेट दाखवलं. त्याच मोजमापात पोटॅशियम घातलेला उत्प्रेरक उलट वागताना दिसला. त्यातलं तांबं बहुतेक क्युप्रिक रूपात राहतं, आणि मंद टप्पा इथिलीनला क्लोरीन देण्याचा होतो.

भर घातल्यावर ती जाते कुठे?

हा प्रश्न आधी विचारला नाही, तर पुढचं काहीच जुळत नाही. पुष्कळ प्रबंधांत «भर घातल्याने सक्रियता वाढली» किंवा «कमी झाली» एवढंच लिहिलेलं असतं. भर तांब्याजवळ जाऊन बसली की ॲल्युमिनाजवळ, यावर सगळं अवलंबून आहे.

पोटॅशियम आणि सिझियम तांब्याकडे जातात. त्यांची क्लोराईडं क्युप्रिक क्लोराईडबरोबर मिश्र क्लोराईड बनवतात, म्हणजे काम करणारा पदार्थच बदलतो.

मॅग्नेशियम, लॅन्थेनम आणि लिथियम ॲल्युमिनाकडे जातात. गॅमा ॲल्युमिनाच्या पृष्ठभागावर धातूचे आयन शिरतील अशा मोकळ्या जागा असतात. तांबं सुरुवातीला त्याच जागांत जाऊन अडकतं आणि तिथे त्याचं कॉपर ॲल्युमिनेट होतं. हे ॲल्युमिनेट या अभिक्रियेत काहीच करत नाही. मॅग्नेशियमने त्या जागा आधी अडवल्या की तेवढं तांबं क्लोराईड म्हणून मोकळं राहतं. इथे तांब्याचं रसायन तेच राहतं, फक्त कामाला येणारं तांबं वाढतं.

किती तांबं असं वाया जातं?

१०० चौरस मीटर पृष्ठभागामागे सुमारे ०.९५ टक्के. तुमच्या ॲल्युमिनाचं क्षेत्रफळ ग्रॅमला १८० चौरस मीटर असेल, तर साधारण १.७ टक्के तांबं ॲल्युमिनेटमध्ये जाणार. ५ टक्के घातलंत तर कामाचं सुमारे ३.३ टक्के. २ टक्के घातलंत तर जवळजवळ काहीच नाही!

«लोडिंग (तांब्याची टक्केवारी) कमी ठेवून तांबं चांगलं पसरवू» असा बेत आखणारे इथेच फसतात. तांबं छान पसरलेलं असतं, एक्सआरडीत (स्फटिक ओळखणाऱ्या क्ष-किरण चाचणीत) एकही रेघ दिसत नाही, आणि रूपांतरण मात्र नाममात्र.

पोटॅशियम घातल्यावर सक्रियता कमी होते. मग ते घालायचंच कशाला?

कमी होते हे खरं. त्याच तापमानाला इथिलीनचं रूपांतरण घटतं आणि तेवढंच रूपांतरण मिळवायला तापमान वाढवावं लागतं. तरी घालतात, त्याची तीन कारणं.

पहिलं, इथाइल क्लोराईड. क्लोरीन बसलेल्या ॲल्युमिनावर लुईस आम्ल जागा, म्हणजे इलेक्ट्रॉनची जोडी ओढून घेणाऱ्या जागा, असतात. तिथे हायड्रोजन क्लोराईड सरळ इथिलीनला जोडला जातो. ऑक्सिजन नको, तांबं नको, आणि तयार होतं ते नको असलेलं इथाइल क्लोराईड. पोटॅशियम या जागा थंड करतं.

दुसरं, उष्णता. नळ्यांच्या स्थिर थरात वायू शिरतो तिथे संहती सर्वांत जास्त, म्हणून अभिक्रिया तिथेच उसळते आणि गरम पट्टा तयार होतो. त्या पट्ट्यात इथिलीन जळून कार्बन मोनॉक्साईड आणि डायऑक्साईड होतं, ट्रायक्लोरोइथेन वाढतं, तांबं उडू लागतं. म्हणून नळीच्या तोंडाशी मुद्दाम मंद, जास्त पोटॅशियमचा उत्प्रेरक भरतात आणि शेवटाकडे तेज, कमी पोटॅशियमचा. तोंडाशी मंदपणा हाच गुण आहे.

तिसरं, तांब्याचं उडून जाणं. क्युप्रस क्लोराईडला वाफ होण्याची खोड आहे. मिश्र क्लोराईडमध्ये तांबं अधिक घट्ट धरलं जातं.

तोटाही समजून घ्या. पोटॅशियम क्लोराईड आणि क्युप्रस क्लोराईड यांचं योग्य प्रमाणातलं मिश्रण १५० अंशांच्या आसपासच वितळतं, जरी सुटं क्युप्रस क्लोराईड ४२० अंशांच्या पुढे आणि पोटॅशियम क्लोराईड ७७० अंशांना वितळत असलं तरी. म्हणजे ऑक्सिजन कमी पडून तांबं क्युप्रस झालं, की छिद्रांत वितळलेला थर तयार होऊ शकतो. तो वाहतो, एके ठिकाणी साचतो, कणांना कण चिकटवतो.

पोटॅशियम-तांबे गुणोत्तर किती ठेवावं?

अभ्यासासाठी मोल गुणोत्तर ०, ०.२५, ०.५ आणि १ अशी मालिका पुरेशी आहे. १च्या पुढे कमी तापमानाची सक्रियता इतकी खाली येते की तुलना करण्याजोगं काही उरत नाही.

एक बारकावा : पोटॅशियम कामाच्या तांब्याशी जुळतं, ॲल्युमिनेटमधल्या तांब्याशी नाही. वरच्या उदाहरणात एकूण तांब्यावर ०.५ गुणोत्तर असेल, तर कामाच्या तांब्यावर ते ०.७५च्या आसपास जातं. दोन वेगळ्या ॲल्युमिनांवर «सारखंच ०.५» घेऊन वेगळे निकाल आले, तर आधी हा हिशेब करा.

मॅग्नेशियम की लॅन्थेनम?

तरंगत्या थरासाठी, म्हणजे फ्लुइड बेडसाठी, मॅग्नेशियम ही पहिली निवड. तांबं मोकळं राहतं, कण चिकटत नाहीत, क्षार स्वस्त आहे. लॅन्थेनमही ॲल्युमिनाच्या जागा अडवतं आणि आम्लता कमी करतं, पण त्याचा खरा उपयोग पोटॅशियमच्या जोडीने होतो. पोटॅशियम निवडकता देतं (म्हणजे रूपांतरित इथिलीनपैकी ईडीसी होणारा वाटा वाढवतं), आणि लॅन्थेनमसारखा दुर्मिळ मृदा धातू पोटॅशियममुळे येणारा चिकटपणा आवरतो. दोन्ही एकत्र घालताना मात्र दोघांचे वेगवेगळे उत्प्रेरकही बनवून ठेवा, नाहीतर कोणामुळे काय झालं ते सांगता येणार नाही.

लिथियम मॅग्नेशियमच्याच वाटेने जातं.

सिझियम आणि सिरियम?

सिझियम पोटॅशियमसारखंच वागतं, पण खूप महाग. तुलनेसाठी एक नमुना करायला हरकत नाही. सिरियमचा मार्ग तिसराच आहे. सिरियम ऑक्साईड स्वतः ऑक्सिजन देऊ-घेऊ शकतो, त्यामुळे क्युप्रसचं पुन्हा ऑक्सिडीकरण सोपं होतं. मंद टप्पा तोच असेल तर फायदा दिसेल. पोटॅशियमच्या उत्प्रेरकात मंद टप्पा आधीच बदललेला असतो, तिथे सिरियमकडून फार अपेक्षा ठेवू नका.

१०० ग्रॅम ॲल्युमिनासाठी नेमकं किती वजन घ्यायचं?

खालचे आकडे तयार, कोरड्या उत्प्रेरकात ५ टक्के तांबं धरून काढले आहेत. कोरडा म्हणजे क्लोराईडं निर्जल धरली आहेत. भरीचे मोल एक मोल तांब्यामागे दिले आहेत. ॲल्युमिना वापरण्याआधी ५०० अंशांना ४ तास तापवून डेसिकेटरमध्ये गार केलेलं असावं.

भर नाही : क्युप्रिक क्लोराईड डायहायड्रेट १५.० ग्रॅम.
पोटॅशियम ०.५ मोल : क्युप्रिक क्लोराईड डायहायड्रेट १५.५ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराईड ३.३९ ग्रॅम.
मॅग्नेशियम ०.५ मोल : क्युप्रिक १५.७ ग्रॅम, मॅग्नेशियम क्लोराईड हेक्झाहायड्रेट ९.३३ ग्रॅम.
सिझियम ०.५ मोल : क्युप्रिक १६.२ ग्रॅम, सिझियम क्लोराईड ८.० ग्रॅम.
लॅन्थेनम ०.२ मोल : क्युप्रिक १५.७ ग्रॅम, लॅन्थेनम क्लोराईड हेप्टाहायड्रेट ६.८३ ग्रॅम.

भर वाढली की एकूण वजन वाढतं, म्हणून तांब्याचा क्षारही थोडा वाढवावा लागतो. सगळीकडे १५ ग्रॅमच घेतले तर सिझियमच्या नमुन्यात तांबं ४.७ टक्क्यांच्या खाली येतं, आणि तो फरक भरीच्या नावावर जमा होतो.

द्रावण ॲल्युमिनात कसं जिरवायचं?

आधी ॲल्युमिना किती पाणी पितं ते मोजा. १० ग्रॅम घ्या, ब्युरेटने थेंब थेंब पाणी सोडत काचेच्या दांडीने हलवत राहा. कण सुटे असतात तोवर पाणी आत जात आहे. ज्या थेंबाला कण एकमेकांना आणि काचेला चिकटू लागतात, तिथे थांबा. ५.५ मिलि लागले, तर १०० ग्रॅमला ५५ मिलि.

द्रावण त्याच्या ९५ टक्के, म्हणजे ५२ मिलि ठेवा. क्षार आधी ४० मिलि पाण्यात विरघळवा आणि मग मापाच्या नळकांड्यात ५२पर्यंत भरा. ५२ मिलि पाण्यात क्षार टाकले तर द्रावणाचं आकारमान वाढतं, शेवटचे काही मिलि बाहेरच राहतात आणि सुकताना कणांवर हिरवी साय धरते. पाच-सहा हप्त्यांत, हलवत हलवत, सुमारे अर्ध्या तासात घाला. झाकून दोन तास ठेवा.

पोटॅशियम आणि सिझियम तांब्याबरोबर एकाच द्रावणात घालावेत, कारण त्यांनी तांब्याशीच जुळायचं आहे. मॅग्नेशियम किंवा लॅन्थेनमही तांब्याबरोबर एकाच द्रावणात चालतं, पण आधी घालून, सुकवून, मग तांबं घातलं तर जागा अडवण्याचं काम अधिक नीट होतं. दोन्ही पद्धतींची तुलना हा एम.एस्सी.च्या पातळीवरचा चांगला विषय आहे. दुसऱ्या वेळी पाणी पिण्याची क्षमता पुन्हा मोजा. ती कमी झालेली असते.

बोअरचं पाणी चालेल का?

नाही. कृष्णाकाठच्या क्षारपड पट्ट्यात बोअरच्या पाण्यात लिटरला दीड ग्रॅम क्षार सापडणं नवलाचं नाही. ५२ मिलित ते ०.०८ ग्रॅमच होतात. पण कोणी ॲल्युमिना धुवायला दोन लिटर वापरलं, तर तीन ग्रॅम क्षार त्याच्यावरून जातात आणि त्यातलं सोडियम, कॅल्शियम काही प्रमाणात बसतं. मग तुमचा «भर नसलेला» नमुना भर असलेलाच होतो. डिस्टिल्ड पाणीच वापरा, ॲल्युमिनाच्या पिशवीवर सोडियम किती लिहिलंय तेही बघा. सोडियम बऱ्याच अंशी पोटॅशियमसारखं वागतं.

द्राक्षाच्या औषधाच्या दुकानात मोरचूद आणि कॉपर ऑक्सिक्लोराईड मिळतं. ते घेतलं तर?

तासगाव, मिरज भागातून हा प्रश्न हमखास येतो. मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट. त्यातलं सल्फेट ॲल्युमिनाला घट्ट धरून बसतं, २५० अंशांना जात नाही आणि पृष्ठभागाची आम्लता बदलतं. नको.

कॉपर ऑक्सिक्लोराईडची गोष्ट अधिक लक्ष देण्यासारखी. बुरशीनाशकातला तो हिरवट पदार्थ आणि हवेत उघड्या ठेवलेल्या उत्प्रेरकावर तयार होणारं पॅराटाकामाईट यांचं रासायनिक सूत्र एकच आहे : दोन तांबे, तीन हायड्रॉक्सिल, एक क्लोरीन. पण तो पाण्यात विरघळत नाही, म्हणून छिद्रांत शिरत नाही. शिवाय पन्नास टक्क्यांच्या पुडीत तांबं ५० टक्के असतं, शुद्ध पदार्थात ते ५९.५ टक्के भरतं. उरलेला भाग म्हणजे भिजवणारी, पसरवणारी द्रव्यं आणि भराव. ते सगळं तुमच्या उत्प्रेरकात येईल. प्रयोगशाळा दर्जाचं क्युप्रिक क्लोराईडच घ्या.

सुकवताना रंग बदलला. माल बिघडला का?

रंगावरून पुष्कळ कळतं. ओला नमुना निळसर हिरवा असतो. नीट सुकलेला पिवळट हिरवा किंवा शेवाळी. फिकट, खडूसारखा हिरवा दिसला तर पॅराटाकामाईट वाढलंय. वापरून काढलेला तपकिरी ते काळपट असतो, त्यात ऑक्सिक्लोराईड आणि कार्बन दोन्ही असू शकतात.

रात्रभर खोलीच्या तापमानाला ठेवा, मग मिनिटाला एक अंश या गतीने ११० ते १२० अंशांपर्यंत नेऊन पाच तास. एकदम गरम ओव्हनमध्ये ढकललं, तर पाणी बाहेर येताना क्षारही बाहेर ओढतं. पोटॅशियम ॲल्युमिनाला फारसं चिकटत नाही, म्हणून ते आधी बाहेर येतं. कण मधोमध कापून बघा. कडा गडद आणि गाभा फिकट असेल तर नमुना टाकून द्या. ३०० अंशांच्या पुढे हवेत भाजू नका, क्युप्रिक क्लोराईड क्लोरीन सोडायला लागतं.

जुलै-ऑगस्टमध्ये साताऱ्यात, आणि पाटण-कोयनेकडे तर फारच, हवेतला ओलावा आड येतो. मॅग्नेशियम क्लोराईड बाटली उघडल्यावर बघता बघता पाझरतं. अशा क्षाराचं वजन कागदावरच्या सूत्राप्रमाणे धरू नका. द्रावण करा, मॅग्नेशियम ईडीटीएने मोजा आणि त्यावरून आकारमान घ्या. तयार उत्प्रेरक ओव्हनमधून गरम असतानाच घट्ट बुचाच्या बाटलीत. पॅराटाकामाईट झालंच असेल, तर चाचणीच्या नळीतच १५० ते २०० अंशांना नायट्रोजनमधून विरळ हायड्रोजन क्लोराईड सोडा, ते परत क्युप्रिक क्लोराईड होतं. ॲल्युमिनेट मात्र असं सहज परत येत नाही.

चाचणी कशी लावायची?

हायड्रोजन क्लोराईड आणि इथिलीनच्या टाक्या, चालू धूर-कपाट, गळतीसूचक आणि अनुभवी मार्गदर्शक यांतलं एक जरी नसेल, तर ही चाचणी महाविद्यालयात करू नका. नमुने तयार करून रासायनिक विश्लेषण, पृष्ठभाग क्षेत्रफळ आणि हायड्रोजनने क्षपण एवढ्यावरही चांगला प्रकल्प होतो, चाचणी बाहेरच्या प्रयोगशाळेत करून घेता येते.

सोय असेल तर : १० ते १२ मिमी आतला व्यास असलेली क्वार्ट्झ नळी, १ ग्रॅम उत्प्रेरक, त्यात आकारमानाने पाच ते दहा पट सिलिकॉन कार्बाईड मिसळलेलं. प्रवाह मिनिटाला १०० मिलि : इथिलीन १०, हायड्रोजन क्लोराईड १९, ऑक्सिजन ६, बाकी ६५ नायट्रोजन. ऑक्सिजन ६ टक्क्यांवर ठेवण्याचं कारण सुरक्षितता. नायट्रोजनमध्ये इथिलीन पेट घ्यायला सुमारे १० टक्के ऑक्सिजन लागतो. सुरुवात करताना नायट्रोजन, मग हायड्रोजन क्लोराईड, मग ऑक्सिजन, शेवटी इथिलीन. बंद करताना इथिलीन आधी.

सगळं इथिलीन रूपांतरित झालं तर या एका ग्रॅममध्ये दीड वॉटहून अधिक उष्णता निघते. ऐकायला थोडी वाटते, पण न मिसळलेल्या थराच्या मध्यात तापमान सहज वीसेक अंश वर जाऊ शकतं. थर्मोकपल नळीच्या भिंतीला नव्हे, थराच्या आत हवं, काचेच्या आवरणात. भिंतीवर २३० बघून आत २५० असेल, तर भर घातलेल्या आणि न घातलेल्या नमुन्यांची तुलना म्हणजे दोन तापमानांची तुलना.

नळीनंतरची वाट १२५ अंशांच्या वर गरम ठेवा. पाणी आणि हायड्रोजन क्लोराईड एकत्र थंड झाले की तीव्र आम्ल होतं, आणि ३१६ स्टेनलेस स्टीलसुद्धा ते सहन करत नाही. थंड होणारा भाग काच किंवा टेफ्लॉनचा करा. पुढे बर्फातला सापळा, मग रिकामी बाटली, मग १० टक्के कॉस्टिक सोडा. ती रिकामी बाटली विसरलात तर प्रवाह थांबताच सोडा उलटा नळीत ओढला जाईल. ईडीसी ८३.५ अंशांना उकळतं, सापळ्यात मिळतं. इथाइल क्लोराईडचा उत्कलनबिंदू १२ अंशांच्या आसपास, त्यामुळे त्याचा बराच भाग वायूबरोबर पुढे निसटतो. ते मोजायला गरम वाटेवरूनच गॅस क्रोमॅटोग्राफमध्ये नमुना घ्यावा लागतो. नुसता सापळ्यातला द्रव मोजून «निवडकता ९९ टक्के» लिहिणं म्हणजे ज्यासाठी पोटॅशियम घातलं तीच गोष्ट न मोजणं.

रोटामीटरचं (वायूचा प्रवाह दाखवणाऱ्या मापकाचं) वाचन जुळत नाही.

सातारा समुद्रसपाटीपासून सुमारे ७४० मीटरवर आहे, सांगली ५५०च्या आसपास. हवेचा दाब समुद्रकाठापेक्षा साताऱ्यात ८ टक्क्यांनी आणि सांगलीत ६ टक्क्यांनी कमी असतो. साबणाच्या बुडबुड्याच्या नळीने इथेच कॅलिब्रेट करा आणि मोल काढताना स्थानिक दाब घ्या. हायड्रोजन क्लोराईड साबणाच्या पाण्यात विरघळतो, त्याचा प्रवाह ठरावीक वेळ पाण्यात शोषून ०.१ नॉर्मल कॉस्टिकने टायट्रेट करून काढा.

तांबं खरंच ५ टक्के बसलं का, कसं तपासायचं?

आयोडीन टायट्रेशन पुरेसं अचूक आहे. २ ग्रॅम उत्प्रेरक तीव्र नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लात पांढरे धूर येईपर्यंत तापवा. नायट्रिक पूर्ण घालवणं महत्त्वाचं, उरलं तर तेच आयोडाईडमधून आयोडीन काढतं आणि तांबं जास्त दिसतं. थंड करून, पाणी घालून, अमोनियाने उदासीन करून ॲसिटिक आम्लाने किंचित आम्लधर्मी करा. लोह असेल तर ते आड येऊ नये म्हणून अमोनियम बायफ्लुओराईड. मग पोटॅशियम आयोडाईड ३ ग्रॅम आणि ०.१ नॉर्मल थायोसल्फेट. स्टार्च शेवटी, आणि त्यानंतर थोडं थायोसायनेट, म्हणजे क्युप्रस आयोडाईडने धरलेलं आयोडीन सुटतं. १ मिलि म्हणजे ६.३५५ मिग्रॅ तांबं. ५ टक्के असेल तर १५.७ मिलि लागतील. पोटॅशियम फ्लेम फोटोमीटरवर, पण आयोडाईड घालण्याआधी वेगळा काढून ठेवलेल्या द्रावणातून.

नुसत्या पाण्याने धुऊन «सक्रिय तांबं» मोजण्यावर विसंबू नका. ॲल्युमिनामुळे पाण्याचा सामू वाढतो आणि विरघळलेलं तांबं पॅराटाकामाईट होऊन परत बसतं.

वजनाने २ टक्के पोटॅशियम क्लोराईड आणि २ टक्के सिझियम क्लोराईड अशी तुलना चालेल?

नाही. सिझियम क्लोराईडचा रेणुभार १६८, पोटॅशियम क्लोराईडचा ७४.५. सारख्या वजनात पोटॅशियमचे मोल सव्वादोन पट होतात. तुलना नेहमी मोलवर.

पंचगणी किंवा राधानगरीकडचा बॉक्साइट आधार म्हणून चालेल का?

आपल्याकडचा बॉक्साइट जांभ्या खडकाच्या कुळातला आहे, लोह आणि टायटॅनियम भरपूर. लोहाचं क्लोराईड तीव्र लुईस आम्ल असतं. ते इथाइल क्लोराईड आणि ट्रायक्लोरोइथेन वाढवतं, शिवाय उडून पुढच्या नळ्यांत बसतं. बेंझिनच्या क्लोरीनीकरणाच्या जुन्या राशिग प्रक्रियेत तांब्याबरोबर लोह मुद्दाम घालत, पण तिथलं रसायन वेगळं. इथिलीनसाठी लोह शक्य तितकं कमी हवं.

फ्लुइड बेडमध्ये कण चिकटून थर बसला. भर चुकली का?

भरीकडे नंतर बघा. आधी हायड्रोजन क्लोराईड आणि इथिलीनचं गुणोत्तर तपासा. ते २च्या वर सरकलं की कणांवर क्युप्रिक क्लोराईड साचतं, बाहेरच्या बाजूला त्याचे काटे वाढतात आणि कण एकमेकांत अडकतात. गुणोत्तर खाली आणल्यावर थर पुन्हा उकळू लागला, तर कारण तेच होतं. त्यानंतरही चिकटत असेल, तर एकूण तांबं जास्त आहे का आणि पोटॅशियम एकटंच घातलंय का ते पाहा. अशा वेळी मॅग्नेशियम किंवा लॅन्थेनमची जोड उपयोगी पडते.

काही आठवड्यांत सक्रियता घसरली. काय तपासू?

तांबं किती उरलंय ते आधी. कमी भरलं तर ते गरम पट्ट्यातून उडालंय, आणि थंड भागात हिरवट-पिवळा थर सापडेल. तांबं तेवढंच असेल तर हवेत तापवून वजनातली घट बघा, म्हणजे कार्बन कळेल. ऑक्सिजन कमी ठेवून चालवलेल्या थरात तो जास्त असतो. दोन्ही नसेल तर क्षेत्रफळ मोजा.

उरलेलं द्रावण आणि वापरलेला उत्प्रेरक कुठे टाकायचा?

बेसिनमध्ये नाही, आणि «तांबं तर द्राक्षावर फवारतातच» म्हणून बांधावरही नाही. वापरलेल्या उत्प्रेरकात क्लोरीनयुक्त सेंद्रिय पदार्थ असतात. तांब्याचं क्लोराईड आणि कार्बन गरम अवस्थेत एकत्र आल्यावर डायॉक्सिनसुद्धा अल्प प्रमाणात बनतात. तो घट्ट डब्यात, लेबल लावून, धोकादायक कचऱ्याच्या अधिकृत यंत्रणेकडेच जायला हवा. तो जाळायचा नाही, भट्टीत भाजून «स्वच्छ» करायचा नाही.

न वापरलेलं द्रावण मात्र प्रयोगशाळेतच सोपं करता येतं. १५ ग्रॅम क्युप्रिक क्लोराईड डायहायड्रेटमागे ८ ग्रॅम विरी गेलेला चुना पाण्यात कालवून हलवत हलवत घाला, सामू ८.५ ते ९ येईपर्यंत. निळसर हिरवा गाळ रात्रभर बसू द्या, वरचं पाणी निवळ आणि रंगहीन झालं का बघा. त्यात अमोनियाचा एक थेंब टाकल्यावर गडद निळा रंग आला तर तांबं अजून शिल्लक आहे, थोडा चुना आणखी घाला. गाळ गाळून, सुकवून, त्याच डब्यात.